सामाईक टपालपेटी : अडते कुठे आणि सोडवावी कशी?



गळीत हंगाम जवळ आला की कारखान्याकडे कागदांचा ओघ वाढतो. लागणीच्या नोंदी, नोंदीतल्या दुरुस्त्या, बँक खात्यातले बदल, वारसाच्या नावाचे अर्ज, तोडणीच्या तक्रारी. पूर्वी हे सारे पाकिटातून यायचे. आवक बारनिशीत क्रमांक पडायचा, तारखेचा शिक्का बसायचा आणि कागद कोणाच्या टेबलावर गेला त्याचे नाव समोर लिहिलेले असायचे. कागद गहाळ झाला तरी तो कोणाकडून गहाळ झाला, हे बारनिशी सांगत असे.

आता यातला बराच कागद ई-मेलने येतो-जातो. पाकीट आले की नाही, ते कोणी उघडले, उत्तर कोणी दिले, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यातून पत्ता एक आणि उघडणारे चौघे, असा प्रकार असला की घोळ ठरलेलाच. अकोट गटातल्या सभासदांचा नेहमीचा प्रश्न असतो, "मेल तर पाठवला हो, मंग उत्तर काहून येत नाही?" तिकडे कार्यालयातला माणूस शपथेवर सांगतो, "आमच्याकडे आलाच नाही." बरेचदा दोघेही खरे बोलत असतात. मेल आलेला असतो, पण तो भलत्याच कप्प्यात जाऊन बसलेला असतो.

हा धडा फक्त कार्यालयातल्या बाबूंसाठी आहे, असे समजू नका. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. गावच्या सेवा सोसायटीत संगणक आला, त्याच्यापाठोपाठ ई-मेलचा पत्ता आला. शेतकरी उत्पादक कंपनी, पाणी वापर संस्था, दूध संस्था यांचेही पत्ते झाले. आपल्यापैकी कित्येक सभासद या संस्थांवर संचालक आहेत आणि कित्येकांची मुले-मुली तिथे लेखनिक आहेत. म्हणून एका पत्त्याची पेटी अनेकांनी कशी वापरावी आणि अडली तर कुठे पाहावे, याचा हा सविस्तर पाठ देत आहोत.

सामाईक पेटी म्हणजे काय?

स्वतःची विहीर आणि सामाईक विहीर यांतला फरक कास्तकाराला शिकवावा लागत नाही. स्वतःच्या विहिरीवर हवी तेव्हा मोटर सुरू करता येते. सामाईक विहिरीची नोंद सातबाऱ्यावर असते, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि पाळी मोडली की धुऱ्यावरून भांडण सुरू होते.

ई-मेलचेही तसेच. तुमच्या नावाची पेटी ही तुमची विहीर. 'ऊसनोंद', 'तक्रार', 'लेखा' अशा नावाची पेटी ही सामाईक विहीर. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज व्यवस्थेत अशी खास सामाईक पेटी तयार करता येते. तिच्यात पासवर्ड टाकून कोणी शिरायचे नसते. प्रत्येकाने आपल्याच नावाने व आपल्याच पासवर्डने आत यायचे आणि दिलेल्या हक्कापुरते तिथे काम करायचे. हे हक्क तीन प्रकारचे असतात, ते नीट लक्षात ठेवा :

१. पूर्ण प्रवेश. पेटी उघडणे, मेल वाचणे, हलवणे, काढून टाकणे.

२. त्याच नावाने पाठवणे. उत्तर 'ऊसनोंद' या नावानेच जाते. कोणी लिहिले ते समोरच्याला दिसत नाही.

३. वतीने पाठवणे. उत्तरावर 'अमुक यांनी ऊसनोंद यांच्या वतीने' असे दिसते.

इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पहिला हक्क मिळाला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. विहिरीत उतरायची परवानगी वेगळी आणि मोटर लावायची वेगळी. अर्धी भांडणे याच एका गोष्टीतून उभी राहतात.

गावच्या लहान संस्थेकडे मात्र बहुधा फुकटातले जीमेल खाते असते आणि एकच पासवर्ड चौघांना पाठ असतो. ही पद्धत धोक्याची आहे. सचिव बदलला तरी जुन्या सचिवाच्या डोक्यातला पासवर्ड बदलत नाही. शिवाय खात्री पटवण्याचा आकडा जुन्या सचिवाच्याच मोबाइलवर जातो, आणि नव्या माणसाला ऐन वेळी त्याच्या दारात उभे राहावे लागते. जीमेलमध्ये पासवर्ड न सांगता दुसऱ्यांना पेटी वापरू देण्याची सोय आहे. साध्या खात्यावर असे १० जणांपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. प्रतिनिधी मेल वाचतो, उत्तर देतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. पदावरून गेला की त्याचे नाव काढून टाकावे, झाले काम.

पेटीकडे जाणारे तीन रस्ते

संगणकावर बसवलेले मेलचे सॉफ्टवेअर, मग ते आउटलुक असो की थंडरबर्ड, तीनपैकी एका रस्त्याने पेटीपर्यंत जाते. आपला रस्ता कोणता ते आधी पाहावे. अकोला-अकोट मार्ग मीटर गेजचा होता तेव्हा त्यावर ब्रॉड गेजचा डबा चालत नव्हता. रस्ता आणि गाडी यांचा मेळ बसला पाहिजे.

पहिला रस्ता पॉप. हा १९८४ पासूनचा, सगळ्यांत जुना. यात सॉफ्टवेअर सर्व्हरवर जाऊन मेल उचलते आणि आपल्या संगणकात आणून ठेवते. एकट्या माणसासाठी ठीक. पण दोन संगणकांवर एकच पेटी पॉपने जोडली तर जो आधी उचलेल त्याचे मेल, दुसऱ्याला कोरडी विहीर. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण असते खरी, पण तिच्यासोबत बहुधा '१४ दिवसांनी काढून टाका' हीही खूण लागलेली असते. पंधराव्या दिवशी जुना मेल दुसऱ्या संगणकावर शोधू गेलात तर सापडत नाही, आणि मग संशय माणसावर येतो.

दुसरा रस्ता आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८६ मध्ये याचा आराखडा केला. यात मूळ मेल सर्व्हरवरच राहते आणि प्रत्येक संगणक त्याचे प्रतिबिंब दाखवतो. एकाने वाचले तर ते सर्वांकडे वाचलेले दिसते, एकाने काढले तर सर्वांकडून जाते. सामाईक वापरासाठी पॉपपेक्षा हा रस्ता केव्हाही बरा.

तिसरा रस्ता एक्सचेंजचा. यात वर सांगितलेले वेगवेगळे हक्क देता येतात. मोठ्या संस्थेला हाच सोयीचा पडतो.

नियम साधा आहे. पेटी एकाहून अधिक माणसे उघडत असतील तर पॉप वापरू नये. वापरात असेल तर आधी त्या संगणकातल्या मेलची प्रत काढून ठेवावी आणि मगच रस्ता बदलावा. घाईने जुने खाते काढून टाकले तर पॉपने उचललेले मेल त्या एका संगणकाखेरीज दुसरीकडे कुठेच नसतील.

पहिली कसोटी : दोष विहिरीत, पाटात की वावरात?

ओलीत करताना पाणी शेवटच्या सरीला पोचत नसेल तर शहाणा माणूस लगेच मोटर खोलत नाही. आधी विहिरीत डोकावतो, मग पाट फुटला का पाहतो, मग सरीत कुठे ढेकूळ अडकले का बघतो. मेलच्या बाबतीत हीच रीत ठेवा.

आउटलुक बाजूला ठेवा आणि ब्राउझरमधून पेटी उघडा. एक्सचेंजच्या वेब पानावर आपल्या चित्रावर क्लिक केले की 'दुसरी पेटी उघडा' या अर्थाचा पर्याय मिळतो. तिथे सामाईक पेटीचा पत्ता टाका. मग तीनपैकी एक गोष्ट दिसेल :

(अ) ब्राउझरमध्ये मेल दिसते, आउटलुकमध्ये दिसत नाही. विहिरीत पाणी आहे, दोष तुमच्या वावरात म्हणजे संगणकात आहे.

(आ) एकाच्या ब्राउझरमध्ये पेटी उघडते, दुसऱ्याच्या उघडत नाही. दोष हक्कात आहे. संगणक फॉरमॅट करून काही होणार नाही.

(इ) कोणाच्याच ब्राउझरमध्ये तो मेल नाही. मग तो एक तर आलाच नाही, किंवा स्पॅममध्ये गेला, किंवा कोणीतरी हलवला वा काढला.

एवढी दोन मिनिटांची तपासणी केली तर दुरुस्तीवाल्याची निम्मी फेरी वाचते. आम्ही तर म्हणू, ही कसोटी कागदावर लिहून संगणकाशेजारच्या भिंतीवर चिकटवून ठेवा.

नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

१. पेटी आउटलुकमध्ये दिसतच नाही.

हक्क नुकताच दिला असेल तर थोडे थांबा. तो लागू व्हायला कधी तासभरही लागतो. मग आउटलुक बंद करून पुन्हा उघडा. जुन्या मांडणीच्या आउटलुकमध्ये पूर्ण प्रवेशाचा हक्क व्यक्तीच्या नावाने दिला तर पेटी डाव्या बाजूला आपोआप येते. हक्क एखाद्या गटाला दिला आणि तुम्ही त्या गटात आहात, तर ती आपोआप येत नाही. अशा वेळी हाताने जोडावी लागते. फाइलमध्ये जाऊन अकाउंट सेटिंग्ज उघडा, आपले खाते निवडा, चेंज, मोर सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड असे जा आणि अ‍ॅड दाबून पेटीचे नाव द्या. नव्या मांडणीच्या आउटलुकमध्ये खात्याच्या नावावर उजवे क्लिक केले की सामाईक पेटी जोडण्याचा पर्याय तिथेच मिळतो.

२. पेटी उघडते, वाचता येते, पण उत्तर जात नाही.

परवानगी नाही असा निरोप परत आला तर समजा की पाठवण्याचा हक्क दिलेला नाही. व्यवस्थापकाला नेमके शब्द सांगा : "वाचण्याचा हक्क आहे, त्या नावाने पाठवण्याचा हक्क द्या." नुसते "मेल चालत नाही" असे सांगितले की तोही अंधारात चाचपडतो. पाठवताना 'फ्रॉम' च्या रकान्यात सामाईक पेटीचाच पत्ता आहे ना, हेही पाहा. नाही तर उत्तर तुमच्या खासगी पत्त्यावरून जाते आणि सभासदाचे पुढचे पत्रही तिथेच येत राहते. तुम्ही रजेवर गेलात की ते पत्र वाचायला कोणी नाही.

३. एकाने दिलेले उत्तर इतरांना दिसत नाही.

ही तक्रार सर्वांत जास्त. जुन्या मांडणीच्या आउटलुकमध्ये सामाईक पेटीतून उत्तर दिले तरी पाठवलेल्या मेलची प्रत देणाऱ्याच्या स्वतःच्या 'सेंट' कप्प्यात जाऊन बसते. दुसरा लेखनिक पाहतो तर उत्तर दिलेले दिसत नाही. तो पुन्हा उत्तर देतो आणि कधी कधी आधीच्या विरुद्ध देतो. एकाच अर्जावर एक म्हणतो 'मंजूर', दुसरा म्हणतो 'कागद अपुरे'. सभासदाने कोणाचे धरावे? याला उपाय आहे. एक्सचेंजच्या व्यवस्थापकाने एक कळ फिरवली की प्रत सामाईक पेटीच्या सेंट कप्प्यातही पडते. ही कळ पेटी तयार झाली त्याच दिवशी फिरवून घ्यावी. थंडरबर्ड वापरत असाल तर खात्याच्या सेटिंगमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' उघडून पाठवलेल्या मेलची प्रत सामाईक खात्याच्याच कप्प्यात पडते ना, ते पाहा.

४. काढलेला मेल सापडत नाही.

येथेही तसाच पेच आहे. सामाईक पेटीतून काढलेला मेल बहुधा काढणाऱ्याच्या स्वतःच्या 'डिलिटेड' कप्प्यात जातो. म्हणून शोधताना पेटी वापरणाऱ्या प्रत्येकाने आपापला कप्पा उघडून पाहावा. तो कप्पाही रिकामा केला असेल तरी लगेच आशा सोडू नये. एक्सचेंजमध्ये तिथून काढलेला मेल साधारणतः १४ दिवस परत आणता येतो. उशीर मात्र करू नये. 'पाहू सोमवारी' म्हणण्यात तो मेल कायमचा जातो.

५. एकाकडे मेल दिसतो, दुसऱ्याकडे नाही.

आधी खिडकीच्या तळाशी नजर टाका. 'ऑफलाइन' असे लिहिले असेल तर सेंड/रिसीव्ह या पट्टीवरचे 'वर्क ऑफलाइन' चे बटण कोणाच्या तरी हाताने दाबले गेले आहे. ते पुन्हा एकदा दाबले की पाणी सुरू. त्यानंतर पाहावे की फक्त न वाचलेले दाखवण्याची चाळणी लागली आहे का, 'फोकस्ड' आणि 'इतर' असे दोन भाग पडले आहेत का, आणि कोणी नियम लावून मेल दुसऱ्या कप्प्यात वळवले आहेत का. जुना मेल दिसत नसेल तर कारण वेगळे. आउटलुक जागा वाचवण्यासाठी काही काळापुरतेच, पुष्कळदा वर्षभराचेच मेल संगणकात उतरवते. बाकीचे सर्व्हरवर असतात. यादीच्या शेवटी सर्व्हरवरचे आणखी मेल दाखवण्याची ओळ असते, तिच्यावर क्लिक करावे. गेल्या हंगामापूर्वीची लागण नोंद शोधताना हे हमखास उपयोगी पडते.

थंडरबर्डमध्ये कप्पाच दिसत नसेल तर खात्यावर उजवे क्लिक करून 'सबस्क्राइब' उघडा व त्या कप्प्यासमोर खूण करा. कप्पा दिसतो पण आतली यादी विस्कटलेली असेल तर त्याच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'रिपेअर फोल्डर' आहे.

६. आउटलुक जड झाले, शोध लागत नाही.

सामाईक पेटीची प्रत प्रत्येकाच्या संगणकात उतरत असते. पेटी मोठी, कप्पे शेकड्यांनी आणि संगणक जुना, मग तो दम टाकणारच. अकाउंट सेटिंग्जमध्ये सामाईक कप्पे उतरवून घेण्याची खूण असते. ती काढली की मेल थेट सर्व्हरवरून दिसते. अर्थात मग इंटरनेट गेले की पेटीही गेली, हे धरून चालावे. आउटलुक उघडता उघडताच अडकत असेल तर कंट्रोलची कळ दाबून धरा आणि ते सुरू करा. सुरक्षित पद्धतीने उघडू का, असे ते विचारते. तसे उघडल्यावर नीट चालले तर दोष नंतर बसवलेल्या एखाद्या जोडसॉफ्टवेअरचा आहे.

७. पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतो.

पासवर्ड बरोबर असूनही मागत असेल तर सॉफ्टवेअरचे वय पाहा. नुसत्या नाव-पासवर्डावर आत घेण्याची जुनी रीत मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्सचेंज ऑनलाइनमध्ये बंद करायला घेतली. आउटलुक २०१० ला नवी रीत येत नाही, त्यामुळे ते दारातच उभे राहते. त्याला कितीही खरा पासवर्ड द्या, उपयोग नाही. गूगलनेही साध्या खात्यांसाठी मे २०२२ अखेर अशीच जुनी वाट बंद केली. जीमेल जोडताना गूगलच्या पानावरून परवानगी द्यावी लागते, नाही तर दुहेरी खात्री चालू करून खास त्या सॉफ्टवेअरसाठी वेगळा पासवर्ड काढावा लागतो.

आणखी एक. एक्सचेंजच्या सामाईक पेटीला स्वतःचा पासवर्ड नसतोच, असे धरून चालावे. ती स्वतंत्र खाते म्हणून जोडली तर पासवर्ड मागतच राहील. ती आपल्या खात्याखाली जोडायची असते.

८. पाठवणाऱ्याकडे मेल परत येतो.

'पेटी भरली' असा निरोप असेल तर साफसफाई करा. मायक्रोसॉफ्टच्या सामाईक पेटीला वेगळा परवाना न घेता ५० जीबी जागा मिळते. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी, आणि त्यातच फोटो व इतर फायलीही मावायच्या असतात. सातबारा, आधार, पासबुक यांचे मोबाइलवर काढलेले भलेमोठे फोटो ही पेटी भरण्याची मुख्य कारणे. जीमेलमधून एका मेलसोबत २५ एमबीपेक्षा जास्त जोडताही येत नाही. सभासदांनी फोटो लहान करून, सरळ धरून, एका अर्जाचे कागद एकाच मेलमध्ये पाठवले तर दोन्हीकडचा ताण हलका होईल.

यंत्र ठीक, तरी उत्तर नाही

वरचे आठही दोष दूर झाले तरी एक दोष उरतो आणि तो कोणत्याही सेटिंगमध्ये सापडत नाही. सामाईक पेटीत एकाने मेल उघडला की तो सगळ्यांकडे वाचलेला दिसतो, ठळक अक्षरे साधी होतात. उघडणारा म्हणतो, "मी नुसता पाह्यला." बाकीचे म्हणतात, "कोणीतरी पाह्यला म्हणजे झालं असंल." अशा रीतीने चौघांनी पाहिलेल्या मेलला एकही उत्तर जात नाही. सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न तोच.

समजा, एका सभासदाने खोडव्याच्या नोंदीतली तारीख चुकली म्हणून मेल केला. तो तीन टेबलांवर वाचला गेला आणि तिन्ही टेबलांवर पडून राहिला. तोडणीचा क्रम लागतो तो नोंदीच्या तारखेवर. ऊस उभा वाळला तर घटलेले वजन कोणत्या कप्प्यातून परत आणणार? म्हणून पेटी सुरू करताना पुढील शिस्त लावावी :

एक, पाळी ठरवावी. आज पेटी कोणाची हे फळ्यावर लिहिलेले असावे.

दोन, रंग ठरवावेत. आउटलुकमध्ये मेलला रंगीत खूण करता येते. प्रत्येक माणसाचा एक रंग, आणि काम संपल्याचा वेगळा रंग.

तीन, नुसता पाहिलेला मेल पुन्हा न वाचलेला करून ठेवावा. आउटलुकमध्ये कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबल्या की तसे होते.

चार, बारनिशी सोडू नये. मेलची तारीख, सभासद क्रमांक, विषय, कोणाकडे दिला आणि उत्तर केव्हा गेले, एवढे पाच रकाने वहीत भरावेत. वही जुनी वाटेल, पण वीज गेल्यावरही ती उघडते.

सभासदांनीही आपली बाजू सांभाळावी. विषयाच्या ओळीत सभासद क्रमांक, गाव, गट नंबर आणि काम लिहावे. 'अर्जंट' एवढाच विषय असलेले वीस मेल आले तर त्यातला तुमचा कोणता हे कोण ओळखणार? एका मेलमध्ये एकच काम ठेवावे. आणि महत्त्वाच्या अर्जाची पोच आली नाही तर गट कार्यालयात जाऊन विचारावे. त्यात कमीपणा नाही.

बँक खात्याचा मेल : इथे घाई नको

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची अट कारखान्यांवर घातली. या पैशावर जशी आपली नजर असते तशी भामट्यांचीही असते. सामाईक पेटी त्यांना सोयीची, कारण तिथे 'दुसऱ्याने खात्री केली असेल' असे प्रत्येकाला वाटते. सभासदाच्या नावाने मेल येतो, 'माझे खाते बदलले, पुढचे बिल या नव्या खात्यात टाका.' पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते.

म्हणून नियम असा असावा : नुसत्या मेलवर खाते बदलायचे नाही. दप्तरी असलेल्या जुन्याच मोबाइल क्रमांकावर फोन करून विचारायचे, पासबुक पाहायचे, आणि दोन माणसांच्या सह्या झाल्यावरच बदल करायचा. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करणे म्हणजे चोरालाच चोरीबद्दल विचारणे. उलट, कारखान्याच्या नावाने कोणी तुम्हाला ओटीपी किंवा पिन विचारला तर देऊ नका. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

पेटीत बेकायदा शिरकाव झाल्याचा संशय आला तर पासवर्ड बदलून थांबू नये. मेल परस्पर दुसरीकडे वळवणारा नियम कोणी लावून ठेवला आहे का, ते जरूर पाहावे. पाटाला गुपचूप पाडलेल्या भगदाडासारखा तो नियम पासवर्ड बदलल्यावरही पाणी पळवत राहतो.

वारणेचा धडा

ऊसकरी आणि संगणक यांची गाठ आजची नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र त्यात होते. गावातल्या केंद्रावर जाऊन शेतकऱ्याने आपल्या उसाची माहिती घ्यावी, ही कल्पना.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या अभ्यासकांनी तिथे पाहणी केली. संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊस, खत व हिशोब यांची ठरावीक माहिती देण्या-घेण्यापुरता होत होता. मग त्यांनी ७ गावांत संगणकाऐवजी मोबाइल आणि साधा एसएमएस वापरून तेच काम करून दाखवले. शेतकऱ्याला हवे होते ते आपल्या उसाचे वजन आणि आपला हिशोब, लवकर व कमी खर्चात.

आपल्या पेटीलाही हीच फूटपट्टी लावावी. खारपाणपट्ट्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला गोड्या पाण्यावर ऊस, केळी, पानपिंपरी पिकवणाऱ्या आपल्या कास्तकाराला आउटलुक कोणते आणि सर्व्हर कुठला याच्याशी देणेघेणे नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे एकच, खरे आणि वेळेवर उत्तर मिळाले की पेटी चालली. ते मिळाले नाही तर पेटी बंद, मग पडद्यावर ती कितीही चकाचक दिसो.

स्वाध्याय

संस्थेच्या पुढच्या बैठकीत हे प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या :

१. आपली पेटी पॉप, आयमॅप की एक्सचेंजने जोडलेली आहे?

२. तिचा पासवर्ड किंवा हक्क आज कोणाकोणाकडे आहे? पद सोडून गेलेल्या कोणाकडे तो अजून आहे काय?

३. खात्री पटवण्याचा आकडा कोणाच्या मोबाइलवर येतो?

४. एकाने दिलेले उत्तर बाकीच्यांना दिसते काय? एक मेल पाठवून आताच पाहा.

५. गेल्या महिन्यातला सर्वांत जुना अनुत्तरित मेल कोणत्या तारखेचा आहे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पहिल्या चारांची गरज आपोआप पटेल. ज्या सभासदाचा तो मेल असेल त्याला त्याच दिवशी उत्तर पाठवा.